सायनोटाइप: बडोद्यात ऊन भरपूर, सांभाळायचं ते पाणी

सायनोटाइपची रीत सांगायला सोपी आहे. लोह असलेल्या दोन रसायनांचा लेप कागदावर द्यायचा, वर पान किंवा निगेटिव्ह ठेवून काचेखाली दाबायचं, उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे गडद निळा, सावली होती तिथे कागदाचा पांढरा. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये ही पद्धत शोधली आणि दुसऱ्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे छाप असे काढायला सुरुवात केली. पुढे कित्येक दशकं इमारतींचे आणि यंत्रांचे नकाशे याच पद्धतीने निघत. ब्लूप्रिंट हा शब्द तिथलाच.

बडोद्यात हे करताना उन्हाची चिंता नसते, त्यामुळे सगळं लक्ष उन्हाकडे जातं आणि घोटाळा दुसरीकडेच होतो. प्रिंट फिकट आली की लोक पुढच्या वेळी आणखी दहा मिनिटं उन्हात ठेवतात. खरं कारण बहुतेकदा बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात, चुन्याची भुकटी घातलेल्या कागदात किंवा पावसाळी दमटपणात असतं. म्हणून इथे उन्हापेक्षा कागद आणि नळ यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

दुकानात काय मागायचं

रसायनं दोनच. पहिलं फेरिक अमोनियम सायट्रेट, त्यातही हिरवं. तपकिरी प्रकारही मिळतो, पण सायनोटाइपला हिरवंच घ्यावं. दुसरं पोटॅशियम फेरिसायनाइड, माणकासारखे लाल-नारिंगी खडे. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानात दोन्ही मिळतात. लॅब रिएजंट ग्रेड पुरते, महागडी शुद्धता लागत नाही.

नावांचा गोंधळ इथे महागात पडतो. पोटॅशियम फेरोसायनाइड हे वेगळं रसायन आहे, त्याचे खडे लिंबासारखे पिवळे असतात. ते फेरिक सायट्रेटमध्ये मिसळलं की ऊन न लागताच निळा गाळ होतो. आणि नुसतं पोटॅशियम सायनाइड हे तर जीवघेणं विष, त्याचा या कामाशी काही संबंध नाही. तेव्हा दुकानात नुसतं «ते सायनाइडवालं» असं म्हणू नका. बाटलीवरचा कॅस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, वाचा: फेरिसायनाइडचा 13746-66-2, फेरिक अमोनियम सायट्रेटचा 1185-57-5. नंबर जुळत नसेल तर बाटली परत करा.

बाकी सामान असं: 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा, दोन तपकिरी काचेच्या बाटल्या, मेडिकलमधून सुई नसलेल्या 5 मिलिच्या दोन सिरिंज, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पावडर तोलताना लावायला मास्क. पाणी डिस्टिल्ड घ्या. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो, फक्त पाणीच मागा, बॅटरीचं ॲसिड नव्हे. ब्रश फोमचा किंवा लाकडी मुठीत केस शिवलेला असावा. पत्र्याच्या कड्याचा ब्रश लेपात बुडाला की पत्रा रसायनाशी भिडतो आणि कागदभर निळे ठिपके पडतात.

एक गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाका: या कामाची वाटी, चमचा, ट्रे स्वयंपाकघरात परत जाणार नाहीत. त्यांवर तेलरंगाने खूण करा आणि वेगळ्या टोपलीत ठेवा.

द्रावण

जुनं, खात्रीचं प्रमाण असं आहे. पहिल्या बाटलीत 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, डिस्टिल्ड पाणी घालून एकूण 100 मिलि. दुसऱ्या बाटलीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, तेही एकूण 100 मिलि. वापरताना दोन्ही सारखी मिसळायची. सुरुवातीला निम्मंच करा, 12.5 आणि 5 ग्रॅम, प्रत्येकी 50 मिलिमध्ये. ए-फोर कागदाला मिसळलेलं द्रावण 3 मिलि लागतं, म्हणजे तेवढ्यात तीस कागद सहज होतात.

पावडर तोलताना पंखा बंद ठेवा. पंख्याने उडालेला फेरिसायनाइडचा कण कुठे बसला ते तेव्हा कळत नाही. चार दिवसांनी ओल्या प्रिंटच्या मधोमध तो निळी टाचणी होऊन उगवतो. खाली वर्तमानपत्र पसरा, काम झालं की ओल्या फडक्याने ओटा पुसा.

बाटल्यांवर नाव, प्रमाण, तारीख आणि «विष, मुलांपासून दूर» असं मराठीत आणि गुजरातीत लिहा, कारण घर झाडायला येणाऱ्या बाईंनाही ते वाचता आलं पाहिजे. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत हे द्रावण कधीही भरू नये. फेरिसायनाइडचं द्रावण पिवळं दिसतं, आणि उन्हाळ्यात फ्रिजच्या दारातली पिवळी बाटली कोणीही तोंडाला लावेल. खाण्याच्या फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. अंधारं, कोरडं कपाट पुरे.

अंधारात फेरिसायनाइड महिनोन्‌महिने टिकतं. सायट्रेटच्या बाटलीत मात्र पावसाळ्यात काळ्या बुरशीची साय येते. थोडी असेल तर मास्क लावून कॉफीच्या गाळण कागदातून गाळा, द्रावण चालतं. जास्त असेल तर नवं करा. जून ते सप्टेंबर 50 मिलिपेक्षा जास्त करून ठेवूच नये. दोन बाटल्यांना दोन सिरिंज, आणि त्यांची अदलाबदल नाही, कारण एकीचा थेंब दुसरीत गेला की ती बाटली हळूहळू निळसर होत जाते. मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं.

कशाची भीती बाळगायची आणि कशाची नाही

फेरिसायनाइडमधला सायनाइड लोहाला इतका घट्ट बांधलेला असतो की साध्या हाताळणीत तो सुटत नाही. थेंब हातावर पडला तर साबणाने धुवा, घाबरण्यासारखं काही नाही. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जा. पोटात गेला तर चूळ भरा, मुद्दाम उलटी करवू नका आणि बाटलीचं लेबल बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

खरा धोका तो घट्ट बांध तुटण्यात आहे, आणि तो तुटतो तीव्र ॲसिडने आणि आगीने. बाथरूमच्या फरशा घासायचं ॲसिड आणि संडास साफ करायचं निळं लिक्विड, दोन्हींत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. फेरिसायनाइड त्यात मिसळलं, विशेषतः गरम असताना, तर हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो. म्हणून मोरीत प्रिंट धुतल्यावर फरशीवर निळे डाग दिसले की सवयीने ॲसिडची बाटली उचलू नका. ब्लीचही नको. निळ्या डागावर उपाय अगदी उलटा आहे: धुण्याचा सोडा. चमचाभर सोडा पेलाभर पाण्यात विरघळवून फडक्याने पुसा, निळा पिवळसर होऊन निघतो. डाग अजून पिवळाहिरवा असेल, म्हणजे त्याला ऊन लागलं नसेल, तर नुसतं पाणी पुरतं.

लेप दिलेले वाया गेलेले कागद किंवा लेप पुसलेली फडकी जाळायची नाहीत, होळीत तर मुळीच नाही.

मुलांना या कामात जरूर घ्यावं, पण पानं मांडण्यापुरतं आणि रंग बदलताना बघण्यापुरतं. तोलणं, लेप देणं, पहिलं धुणं मोठ्यांनी करावं. लेप दिलेला सुका कागदही मुलांनी हातमोजे घालूनच हाताळावा, कारण ती बोटं थोड्या वेळाने तोंडात जाणारच.

इंटरनेटवर «नवं सायनोटाइप» म्हणून अमोनियम आयर्न ऑक्झलेटची कृती सापडते. छटा सुंदर येतात, पण ऑक्झलेट जास्त विषारी आहे. काही कृतींत कॉन्ट्रास्ट वाढवायला अमोनियम डायक्रोमेट सांगितलेलं असतं. ते कर्करोगकारक आहे, घरात आणूच नये. कॉन्ट्रास्ट निगेटिव्हमध्ये वाढवता येतो.

कागद

आजकालचे बरेच चांगले कागद टिकाऊ व्हावेत म्हणून त्यांत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुन्याची भुकटी, घालतात. निळ्या रंगाला, म्हणजे प्रशियन ब्लूला, क्षार सोसत नाही. अशा कागदावर प्रिंट पहिल्या दिवशी बरी दिसते आणि मग फिकट, राखाडी पडत जाते. ओळखायची युक्ती सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर लिंबाच्या फुलांच्या घट्ट पाण्याचा थेंब टाका आणि भिंगाने बघा. बारीक बुडबुडे उठले तर कागदात चुना आहे.

लिंबाची फुलं म्हणजे सायट्रिक ॲसिड. ढोकळ्या-खमणासाठी कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, आणि या सबंध कामात इतकी स्वस्त नि इतकी उपयोगी दुसरी वस्तू नाही. चुना असलेला कागद वापरायचाच असेल तर लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम फुलं विरघळवून कागद त्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, साध्या पाण्यात दोनदा विसळा, वाळवा, मग लेप द्या. हे सौम्य ॲसिड आहे, फरशीवाल्या ॲसिडशी त्याची गल्लत नको. तरी पाच टक्क्यांचं हे पाणी फेरिसायनाइडच्या द्रावणात थेट ओतायचं नाही. त्याचं काम कोऱ्या कागदापुरतं.

सगळ्यात बरा म्हणजे शंभर टक्के कापसाचा, गुळगुळीत, 200 ते 300 जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद. हातकागद सुंदर असतो पण काही हातकागद टीपकागदासारखे शोषतात. लेप आत खोल जातो, ब्रशचा फटकारा दिसतो आणि निळा मंद पडतो. अशा कागदाला आरारूटची खळ द्या: लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम आरारूट आधी थंड पाण्यात कालवून, मग उकळून पारदर्शक करा आणि कोमट असताना रुंद ब्रशने पातळ हात फिरवा. दुसऱ्या टोकाला झेरॉक्सचा कागद. तो सरावाला ठीक, पण धुताना ट्रेमध्येच फाटतो.

कापडावरही हे होतं. मलमल किंवा पॉपलिन आधी गरम पाण्यात धुऊन कांजी काढा. सिंथेटिक धाग्यावर रंग धरत नाही. आणि छाप असलेलं कापड पुढे डिटर्जंटमध्ये टाकलं की संपलं, कारण डिटर्जंट क्षारीय असतो.

लेप

पूर्ण अंधार लागत नाही. खिडकीला जाड पडदा आणि कोपऱ्यात पिवळसर कमी वॅटचा दिवा पुरतो. ट्यूबलाइटखाली मात्र लेप देऊ नका. वाटीत 1.5 मिलि एक, 1.5 मिलि दुसरं, ब्रशने हलवा. कागदाच्या कडा चिकटपट्टीने फळीला लावा. ब्रश ओला करून झटका, मग लेपात बुडवा. आधी आडवे हात, लगेच उभे, शेवटी अगदी हलक्या हाताने पुन्हा आडवे. कुठे डबकं राहता कामा नये, कारण डबकं वाळलं की वर खपली धरते आणि धुताना ती खपलीच वाहून जाते. घासत बसू नका, कागदाचे तंतू उठतात. एका हाताला दोन मिनिटांहून जास्त लागत असतील तर ब्रश लहान आहे.

ताजा लेप पिवळट हिरवा दिसतो, कच्च्या कैरीच्या गरासारखा. वाळला तरी तसाच पिवळाहिरवा राहायला हवा. वाळताना निळसर झाला तर उजेड लागला किंवा वाळायला फार वेळ गेला. अंधाऱ्या कपाटात आडवा ठेवून हिवाळ्यात अर्धा-पाऊण तास, उन्हाळ्यात वीस मिनिटं. पावसाळ्यात कागद दोन-दोन तास बोटाला गार लागतो. तो गारवा म्हणजे पाणी. तसाच काचेखाली गेला तर पांढऱ्या भागातही निळी झाक येते आणि निगेटिव्ह कागदाला चिकटते. हेअर ड्रायरची थंड हवा द्या, गरम नको. लेप दिलेले कागद काळ्या पिशवीत, तांदूळ बांधलेल्या पुरचुंडीबरोबर ठेवले तर कोरड्या ऋतूत तीन-चार दिवस चालतात. पावसाळ्यात त्याच दिवशी वापरा. आणि तो तांदूळ पुन्हा डब्यात टाकू नका.

पानं, पतंग, निगेटिव्ह

वस्तू थेट कागदावर मांडून काढलेला छाप सगळ्यात सोपा. बडोद्याचं नावच वडावरून पडलं म्हणतात, म्हणून पहिलं पान वडाचं घ्यायचा मोह होतो. घ्या, पण वडाचं पान जाड आणि चामट. ते ऊन पूर्ण अडवतं आणि नुसता पांढरा पानाकार ठिपका उरतो. शिरा दिसत नाहीत. शिरा हव्या असतील तर पिंपळाचं कुजून जाळी झालेलं पान घ्या. गुलमोहराचं पान फार चांगलं येतं: तांदळाएवढ्या पर्णिका काचेखाली सपाट बसतात, ऊन मधून झिरपतं, आणि कडेच्या पर्णिका जिथे किंचित उचललेल्या असतात तिथे पांढऱ्याच्या भोवती फिकट निळी सावली उतरते. कमाटी बागेत खाली पडलेली पानं हवी तेवढी मिळतात, तोडायची गरज नाही.

ताजं पान थेट ठेवू नये. काच तापली की पानातला ओलावा सुटतो, काचेवर वाफ धरते आणि छापाभोवती पिवळे-तपकिरी डाग पडतात. एक दिवस वर्तमानपत्रात वजनाखाली दाबा.

उत्तरायणानंतर अगाशीवर पडलेले फाटके पतंगही जपून ठेवा. पतंगाचा कागद पातळ असल्याने ऊन अर्धवट जाऊ देतो. बांबूची कमान पांढरीशुभ्र उतरते, पतंगाचं अंग मध्यम निळं, आणि जिथे ठिगळ चिकटवलंय तिथे दुहेरी कागदाची आणखी फिकट चौकट. मांजाचा गुंता वर टाकला तर पेन्सिलीची बारीक रेघ उठल्यासारखा दिसतो. तो उचलताना हातमोजे असू द्या.

फोटोसाठी निगेटिव्ह छापाच्याच आकाराची लागते, कारण हे संपर्क छपाईचं काम आहे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म ठेवली तर प्रिंटही तेवढीच. फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, रंग उलटा, चित्र आरशासारखं फिरवा आणि पारदर्शक ओएचपी फिल्मवर छापा. छापलेली बाजू कागदाला टेकली पाहिजे, म्हणून चित्र फिरवायचं. बाजू उलटी राहिली तर फिल्मच्या जाडीएवढं अंतर पडतं आणि कडा मऊ होतात. लेझर प्रिंटरचा काळा अनेकदा पुरेसा दाट नसतो. त्याच निगेटिव्हच्या दोन प्रती अचूक जुळवून एकावर एक चिकटवा.

फळी, लेपाचा कागद, वस्तू, वर 4 किंवा 5 मिमीची साधी काच आणि चारी बाजूंना क्लिपा. काचेच्या कडा घासून घ्या. मधे प्लॅस्टिक असलेली लॅमिनेटेड काच चालत नाही, ती अतिनील किरणच अडवते. काही ॲक्रिलिक पत्रेही तेच करतात.

ऊन

बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, 22.3 अंशांवर. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरात भर दुपारीही तो फक्त 44 अंश वर चढतो. घड्याळातला बारा हा इथला मध्यान्ह नव्हे. प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या आपण बरेच पश्चिमेला, म्हणून सूर्य सर्वांत वर असतो तो सरासरी 12 वाजून 37 मिनिटांनी. कामाची वेळ अकरा ते सव्वादोन.

सोपा मापदंड म्हणजे स्वतःची सावली. सावली उंचीपेक्षा लांब झाली की अतिनील किरण झपाट्याने कमी होतात, मग वेळ दुप्पट-तिप्पट लागतो. डिसेंबरात दुपारी सावली उंचीएवढीच असते, तेव्हा फळी दक्षिणेकडे कलती ठेवा म्हणजे ऊन सरळ पडेल.

वेळेचे आकडे सुरुवातीपुरते घ्या: एप्रिल-मेच्या दुपारी पानांच्या छापाला 5 ते 8 मिनिटं, निगेटिव्हला 8 ते 15. हिवाळ्यात पानांना 10 ते 15, निगेटिव्हला 15 ते 25. ढगाळ हवेत तास लागला तरी नवल नाही. प्रत्येक नव्या कागदावर आधी पट्टी करून बघा: निगेटिव्हवर पुठ्ठा ठेवून दर दोन मिनिटांनी दोन बोटं सरकवायचा आणि धुतल्यावर कोणती पट्टी बरी ते बघायचं. यात एक कागद जातो, पुढचे दहा वाचतात.

पण घड्याळापेक्षा रंग जास्त खरं सांगतो. उघडा भाग आधी पिवळाहिरवा, मग हिरवट निळा, मग गडद निळा होतो, आणि शेवटी पुन्हा फिकट होत राखाडी, कांस्याची झाक असलेला दिसायला लागतो. नवशिका गडद निळा दिसला की उचलतो आणि धुतल्यावर प्रिंट पाणचट निघते. थांबायचं ते राखाडी झाक येईपर्यंत. ऊन पहिल्या रसायनातलं फेरिक लोह फेरस करतं, ते फेरिसायनाइडशी मिळून निळा रंग बनतो. ऊन आणखी लागलं की त्या निळ्याचा काही भाग फिकट रूपात जातो, आणि हवा लागल्यावर परत निळा होतो. म्हणून ती राखाडी झाक बिघाडाची नाही, पुरेसं ऊन मिळाल्याची खूण आहे.

उन्हात फळी हलवू नका. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणजे बारा मिनिटांत 3 अंश. दोन सेंटिमीटर उंच वस्तूची सावली तेवढ्यात मिलिमीटरभर हलते. फूल किंवा शिंपला ठेवला तर कड दुहेरी दिसते ती यामुळे. सपाट पानाला फरक पडत नाही. मे महिन्यात फळी तापलेल्या लादीवर न ठेवता स्टुलावर ठेवा.

धुणं

काम बिघडतं ते इथे. बोअरचं पाणी बरेचदा क्षारीय आणि जड असतं. त्यात प्रिंट अर्धा तास तरंगत ठेवली तर निळा डोळ्यांदेखत उतरतो. महानगरपालिकेच्या नळाचं पाणी त्या मानाने सौम्य, पण टाकीत दोन्ही मिसळत असतील तर भरवसा नाही. पहिल्या ट्रेमध्ये दोन लिटर पाण्यात दोन सपाट चमचे, म्हणजे साधारण 10 ग्रॅम, लिंबाची फुलं विरघळवा. हातमोजे घालून प्रिंट पालथी सोडा आणि ट्रे हलका हलवत राहा. पाण्यात पिवळ्या-हिरव्या लाटा सुटतात, ते न लागलेलं रसायन. एक-दोन मिनिटांनी दुसऱ्या ट्रेमध्ये साधं पाणी, ते तीन-चार वेळा बदलायचं. एकूण सात ते दहा मिनिटांत पांढरा भाग स्वच्छ झाला पाहिजे. पिवळसर राहिला तर धुणं अपुरं, आणि तो पिवळा नंतर उजेडात निळा होतो. गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी मे महिन्यात चटका बसेल इतकं तापतं, म्हणून सकाळीच बादली भरून सावलीत ठेवा.

निळा सगळाच वाहून गेला तर दोन शक्यता. ऊन कमी पडलं, किंवा लेप कागदात मुरलाच नाही. दुसऱ्यांदा ऊन वाढवूनही तेच झालं तर कागद बदला.

ओली प्रिंट फिकट दिसते. हवेत वाळताना चोवीस तासांत निळा आपोआप गडद होतो. पाहुण्यांना लगेच दाखवायचं असेल तर लिटरभर पाण्यात 10 मिलि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून अर्धा मिनिट बुडवा, मेडिकलमध्ये मिळतं ते सहा टक्क्यांचं पुरतं. निळा झटकन उमटतो. अंतिम रंग दोन्ही रीतींनी सारखाच, त्यामुळे हे ऐच्छिक. मग विसळून सावलीत वाळवा.

निळा नको असेल तर चमचाभर धुण्याच्या सोड्याच्या लिटरभर पाण्यात प्रिंट बुडवा. निळा विटून पिवळट झाला की नीट विसळा आणि दाट कोऱ्या चहात ठेवा. चहातलं टॅनिन लोहाला धरतं आणि काळपट तपकिरी रंग येतो. कागदाचा पांढराही चहाचा होतो, ते गृहीत धरा.

उरलेलं काय करायचं

सर्वांत चांगलं म्हणजे उरवायचंच नाही. वाटीत थोडं राहिलं तर रद्दी कागदावर फासून वाळवा आणि पूर्ण निळं होईपर्यंत उन्हात ठेवा. प्रशियन ब्लू पाण्यात विरघळत नाही, तो कागद सुक्या कचऱ्यात गेला तरी चालतो. फेरिसायनाइडचं उरलेलं द्रावण मात्र बादलीत उघडं उन्हात ठेवायचं नाही, कारण पाण्यात असताना अतिनील किरणांनी त्यातून थोडा थोडा सायनाइड सुटतो. धुण्याचं पाणी, जे खूपच पातळ असतं, ते भरपूर पाण्याबरोबर ड्रेनेजला जोडलेल्या मोरीत सोडा. तुळशीच्या कुंडीत नको, रस्त्याकडेच्या उघड्या गटारात नको. तिथून ते विश्वामित्री नदीला जातं, आणि माशांना हे रसायन बाधतं. मोरीत त्या दिवशी ॲसिड टाकायचं नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जुन्या रसायनाची बाटलीच टाकायची असेल तर झाकण घट्ट लावून, नाव लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या.

प्रिंट भिंतीवर लावायची तर थेट ऊन येत नाही अशा जागी. फिकट झालीच तर काही आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवा, बराचसा निळा परत येतो. मागे लावायचा पुठ्ठा चुना न घातलेला असावा. फ्रेमवाल्याला टिकाऊ पुठ्ठा मागितला की तो अनेकदा नेमका चुना घातलेलाच देतो. तेव्हा पुठ्ठ्याच्या कोपऱ्यावरही लिंबाच्या फुलांचा एक थेंब टाकून बघा.